आप्पांनी सांगितलेली गाय

दाराबाहेर आप्पा खाकरले, तशी मी घाईघाईनं गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"येऊ का गं?"

"या."

ते आत आले तेच भिंतीकडं तोंड करून. एका हातात अळिवाच्या खिरीची वाटी, दुसऱ्या हातात निखाऱ्यांची शेगडी. वाटी स्टुलावर ठेवली, शेगडी बाजेखाली सरकवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला विचारावं तसं विचारलं, "पाहुणी जेवली का?"

"हो," मी म्हणाले.

पाहुणी म्हणजे माझी लेक. बारसं व्हायचं होतं, म्हणून नाव नव्हतं. ती माझ्या कुशीत डोळे मिटून पडली होती, पण झोपलेली नव्हती. रडून दमली होती. मधूनच ओठ हलवायची, काहीतरी शोधल्यासारखे, आणि पुन्हा थांबायची.

आप्पांनी सकाळची वाटी उचलली. त्यातली खीर तशीच होती, वर साय धरलेली. ते क्षणभर वाटीकडं बघत राहिले, मग ती घेऊन निघून गेले. दार मात्र पूर्ण लावलं नाही त्यांनी. बोटभर फट ठेवली.

माझी आई मी लहान असतानाच गेली. तापानं गेली, एवढंच घरात सांगितलं जायचं, आणि त्यापुढं कुणी काही विचारायचं नाही अशी रीत पडून गेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण माझ्या माहेरी करायला बाईच नव्हती. माझ्या सासूबाईंनी आपण होऊन म्हटलं होतं, की वृषाली पुण्यातच राहू दे, मी आहे ना. आप्पा खास त्यासाठी एसटीनं पुण्याला आले, सोफ्याच्या कडेवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "ताई, तुमचा मान मोठा आहे. पण पहिलं माझ्याकडं. तिची आई असती तर तुम्ही पाठवलीच असती ना?" सासूबाईंनी मान डोलावली. जिन्यापर्यंत त्यांना सोडायला गेल्या तेव्हा मात्र हळूच म्हणाल्या, "अडलं तर फोन करा हं, भाऊ. मनात काही आणू नका." आप्पा हसून "अडणार नाही," म्हणाले होते.

गावात याची बरीच मजा झाली. आप्पा आमच्या अकोले तालुक्यात जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. जन्मभर गाई-म्हशींची अडलेली बाळंतपणं सोडवलेली, म्हणून अख्खी पंचक्रोशी त्यांना डॉक्टर म्हणायची. दूध डेअरीवर लोक विचारायचे, "काय डॉक्टर, लेकीला पेंड कुठली चालू केली?" आप्पा म्हणायचे, "सरकी." आणि घरी येऊन पाट्यावर मेथ्या वाटायचे. डिंक तळताना त्यांचा हात भाजला, तोही त्यांनी मला दाखवला नाही.

पण मायलेकींत जे सहज होतं ते बाप-लेकीत होत नाही. आमच्यात प्रत्येक गोष्टीला वळसा होता. माझे कपडे ते धुवायचे नाहीत, ते द्वारकाकाकू धुवायच्या. काकू म्हणजे आप्पांच्या चुलतभावाची बायको. सकाळी यायच्या, बाळाला आणि मला तेल लावून न्हाऊ घालायच्या, धुणं करून आपल्या मळ्यात जायच्या. त्यानंतर दिवसभर मी आणि बाळ या खोलीत, आणि आप्पा ओटीवर. मध्ये ते दार.

डावीकडं दुखायला लागलं होतं ते आदल्या दिवशी. आधी नुसतं जड वाटलं. मग सबंध डावी बाजू दगडासारखी झाली. बाळाला तिकडं घेतलं की ती तोंड लावायची, ओढायची, काही येत नाही म्हणून मान फिरवून किंचाळायची. मला तर तिच्या ओठांचा नुसता स्पर्श झाला तरी डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. सकाळी न्हाणीघरात काकूंनी ते पाहिलं आणि तेलाचा हात तसाच थांबवला.

"आगं बाई. कधीपासून हे?"

मी सांगितलं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि ओठ आवळले. दूध दाटलंय, त्यात तुला कुणाचं तरी काहीतरी लागलंय, असं त्यांचं म्हणणं पडलं. काल कोण कोण बघायला आलं होतं त्याची त्यांनी मनातल्या मनात उजळणीही केली. मग हळदीचा लेप लावला आणि जुनं धोतर फाडून छाती गच्च आवळून बांधली.

"ह्या बाजूला आता पोरीला घेऊ नको. तापाचं दूध बाधतं. उजवीकडनं भागव. दोन दिसांत वाळून जाईल."

"तिचं पोट भरेल का?"

"न भरायला काय झालं? जुळी पोरं वाढवतात बाया." मग त्यांनी न्हाणीच्या दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आणि भाऊजींना सांगू नकोस काही. पुरुषमाणसाला कसं सांगायचं ह्ये, त्यात बापाला. उगा त्यांच्या जिवाला घोर."

मला ते पटलं. खरं तर मला तेच हवं होतं, कुणीतरी 'सांगू नकोस' असं सांगायला. दुपारी संदेशचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला. त्यालाही मी म्हटलं, की सगळं छान आहे, आप्पा खूप करतात. त्याला सांगितलं असतं तर त्यानं आईला सांगितलं असतं, आणि सासूबाई मिळेल ती गाडी करून येऊन दारात उभ्या राहिल्या असत्या. गावानं मान हलवली असती. आप्पा आपला भाजलेला हात घेऊन ओटीवर जाऊन बसले असते, आणि ते मला बघवलं नसतं.

पण उजव्या बाजूनं भागत नव्हतं. आप्पा शेगडी ठेवून गेले तेव्हा मी तिला पुन्हा उजवीकडं घेतलं. ती थोडं प्याली, मग रिकामं झालं असावं, कारण तिनं सोडून दिलं आणि रडायला लागली. पहिल्यांदा मोठ्यानं, मग बारीक, मग आवाज न करता नुसतंच तोंड उघडायची. मी तिचा हात पाहिला. मनगट मला कालच्यापेक्षा बारीक वाटलं. जिवणीजवळची कातडी सैल वाटली. तिला सकाळपासून लघवी किती झाली, हे आठवायचा प्रयत्न केला तर आठवेना. डोळे मिटले की दिसायचं, की ती हलत नाहीये. मग मी डोळे उघडून तिच्या नाकापाशी बोट न्यायचे. श्वास लागला की पुन्हा डोळे मिटायचे, आणि पुन्हा तेच.

आणि मग मला हुडहुडी भरली. बाजेखाली निखारे होते, अंगावर दोन गोधड्या होत्या, तरी दात एकमेकांवर वाजायला लागले. बाळाला माझी थरथर लागू नये म्हणून मी तिला जरा लांब सरकवलं. ती रडली. जवळ घेतलं. तिला चटका बसेल असं वाटलं, इतकं माझं अंग तापलं होतं. तापाचं दूध बाधतं, हे काकूंचं वाक्य डोक्यात फिरत होतं. मग उजवीकडचं दूधही तापाचंच की. म्हणजे मी तिला जे पाजतेय तेच तिला बाधतंय. मी ओढणी तोंडात कोंबली आणि रडले, आवाज होऊ न देता.

बाहेर आप्पांच्या चपला ऐकू येत होत्या. ओटीवरून अंगणात, अंगणातून ओटीवर. मग त्या थांबल्या. दारापाशी.

ते खाकरले नाहीत. आतही आले नाहीत. उंबऱ्याबाहेर खाली बसल्याचा आवाज झाला, त्यांचे गुडघे कडकडले तो आवाज. फटीतून मला त्यांची पाठ दिसली, बनियनवर घामाचा डाग पडलेली.

"थंडी वाजतीय का गं?"

"नाही. जरा कणकण आहे."

मग वेगळ्याच आवाजात, डेअरीवर बोलतात तसं, म्हणाले, "वरच्या वाडीतल्या भांगऱ्यांची चांदी तुला आठवते का? पांढरी. कपाळावर तांबडा ठिपका."

मला कुठली गाय आठवत नव्हती, आणि त्या वेळी गाय ऐकायचीही नव्हती. एका बाजूला लेक अशी पडलेली, आणि हे गाईचं काय घेऊन बसलेत. ते सांगत राहिले.

चांदी पहिलारू होती. कालवड झाली. चार दिवस सगळं ठीक होतं, मग वैरण सोडली तिनं. भांगऱ्याची बायको कालवडीला जवळ घेऊन गेली की चांदी लाथ मारायची. लोक म्हणाले, हिला माया नाही, काही गाई असतात अशा. कुणी म्हणालं, नजर लागली. बाईनं भिलाव्याची माळ घातली, कासेला हळद लावली.

"मला बोलावलं तेव्हा संध्याकाळ होत आली होती," आप्पा म्हणाले. "मी हात लावला तर कास निखाऱ्यासारखी. एक सड पार दगड. आमच्यात त्याला दगडीच म्हणतात. आणि त्या बाईनं काय केलं होतं, की त्या सडाला कालवड लावायचीच बंद केली होती. खराब दूध आहे म्हणे. आता जे आत दाटलंय ते बाहेर काढायचं सोडून वरून वाट बंद केली, तर होणार काय?"

माझी थरथर थांबली नव्हती, पण मी ऐकायला लागले होते.

"मग?"

"मग मी म्हटलं, आधी ते लेप-बिप काय आहे ते धुऊन टाका. आवळून काही बांधलं असेल तर सोडा. गरम पाण्यात फडकं पिळून शेका, सोसवेल इतकंच. हातानं वरून खाली, हळूहळू, बोट रुतवायचं नाही. आणि कालवड भुकेली असेल तेव्हा पहिली त्याच सडाला लावा. गाय लाथ मारील. मारू द्या. तिला दुखतंय म्हणून मारते, माया नाही म्हणून नाही." ते थांबले. "दूध खराब होत नाही तापानं. लेकरू जितकं ओढील तितकी गाय लवकर बरी होते. हे लोकांना पटत नाही."

माझा हात आपोआप धोतराच्या गाठीवर गेला होता. काकूंनी ती पाठीमागं मारली होती. बोटं पोचत होती, सुटत नव्हती.

"आप्पा, त्या गाईला ताप होता?"

"होता. कापत होती."

"मग वाचली?"

"त्याच दिवशी इंजेक्शन दिलं. नुसत्या शेकानं भागत नाही अशा वेळी. वाचली." अंगणात कोंबड्या काहीतरी उकरत होत्या, तेवढाच आवाज. मग म्हणाले, "गाय वाचली."

त्यांनी ते दुसऱ्यांदा का म्हटलं, ते मला कळलं नाही. मग त्यांचा आवाज आला. डेअरीवरचा नव्हता तो.

"तुझी आई ह्याच खोलीत होती. तुझ्या पाठचा झाला तेव्हा."

माझ्या पाठीवर भाऊ झाला होता आणि तो जगला नाही, हे मला माहीत होतं. आई तापानं गेली हेही माहीत होतं. या दोन गोष्टी कुणी कधी माझ्यासमोर एका वाक्यात ठेवल्या नव्हत्या.

"तिलाही हेच झालं होतं. तिनं सांगितलं नाही. माझी आई तेव्हा होती, तिनंही सांगितलं नाही, बायकांचं बायकांत राहिलं. मला दिसत होतं की ही जेवत नाही. पोरगं रडतंय, हे ऐकू येत होतं. मी रोज सकाळी उठून लोकांच्या गोठ्यात जाऊन कासा तपासायचो वृषा, आणि घरात..." त्यांनी हात उंबऱ्यावर टेकवला. "विचारायला लाज वाटली मला. बायकोला. तालुक्याला नेलं तेव्हा आत पू झाला होता, रक्तात गेला होता."

बाळ पुन्हा कुरकुरलं.

आप्पा उठले. दार उघडून आत आले, आणि या वेळी भिंतीकडं वळले नाहीत. माझ्या तोंडाकडं बघून, गाईबिईचं नाव न काढता, विचारलं.

"कुठल्या बाजूला आहे गाठ?"

"डाव्या," मी म्हणाले.

"लाल झालंय?"

"हो."

"बांधलंय?"

"काकूंनी. सुटत नाही मला."

त्यांनी कोनाड्यातली कात्री घेतली, माझ्या पाठीशी आले आणि गोधडीखालून ते धोतर कापलं. सुटलं तेव्हा मला एकदम श्वास आला. मग ते बाहेर गेले आणि चुलीवरचं पाणी उतरवल्याचा आवाज आला. गरम पाण्याची बादली, मऊ पंचा आणि रिकामं पातेलं आणून त्यांनी माझ्या हाताशी ठेवलं. शेकून झालं की तिला घे, म्हणाले, पहिली तिकडंच. मी गाडीचं बघतो.

शेकताना मी ओठ चावले. लेप धुतला. बाळाला डावीकडं घेतलं तेव्हा तिनं आधी मान फिरवली. मी पुन्हा लावलं. तिनं धरलं आणि माझ्या तोंडून आवाज निघालाच, आप्पांनी ओटीवर ऐकला असेल असा. मी तिला सोडवलं नाही. बाज घट्ट धरली. एक ओढ, दोन, काही नाही. ती सोडून रडली, पुन्हा धरलं. मग कुठंतरी आत, खांद्याच्याही मागून, झिणझिण्या आल्यासारखं झालं, आणि तिचा गळा हलायला लागला. गटगट आवाज येत होता. तिचे डोळे उघडे होते. माझ्याकडं बघत होते, की कुठंच नाही, कोण जाणे.

बाहेर आप्पा फोनवर बोलत होते. शेजारच्या आवारींची जीप मागितली. मग दुसरा फोन लावला. तो कुणाला, ते मला पहिल्या शब्दाला कळलं.

"ताई, मी वृषाचा वडील बोलतोय. अडलंय माझं. मला एकट्याला नाही जमत. तुम्ही या."

पलीकडून काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. आप्पा नुसते "हो", "हो ताई" म्हणत होते, आणि शेवटी म्हणाले, "नाही, नाही, तुम्ही आत्ता तिला ओरडू नका. ओरडायचं तर मला ओरडा."

जीप निघायच्या वेळी द्वारकाकाकू मळ्यातून धापा टाकत आल्या. मला उन्हात बाहेर काढलेलं बघून त्यांनी डोक्याला हात लावला. ओल्या बाळंतिणीला वारा लागेल, सव्वा महिना तरी होऊ द्यायचा, हे कसलं भाऊजी. आप्पांनी त्यांना आवाज चढवून काही म्हटलं नाही. माझ्या कानांना मफलर गुंडाळला आणि म्हणाले, "वहिनी, तुम्हीपण चला. डॉक्टरीणबाई काय सांगतात ते आपण दोघं ऐकू." काकू चिखलाच्या पायांनी तशाच जीपमध्ये चढल्या आणि संगमनेरपर्यंत माझं डोकं स्वतःच्या खांद्यावर धरून बसल्या. रस्त्यात एकदा म्हणाल्या, "मला ठाऊक असतं तर बांधलं असतं का गं मी?" मी त्यांचा हात धरला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं, लगेच इंजेक्शन दिलं, आणि अजून एक-दोन दिवस गेले असते तर चिरावं लागलं असतं, असं म्हणाल्या. पाजणं बंद करायचं नाही, दुखलं तरी, हेही त्यांनी सांगितलं. काकूंनी ते दोनदा विचारून घेतलं. ताप उतरतो का बघायला आम्हाला थोडा वेळ बाहेर बसवलं, तेव्हा बाळाला पुन्हा भूक लागली.

बाहेर बाकांवर गर्दी होती. पाजायला आडोसा कुठंच नव्हता. काकू औषधं आणायला गेल्या होत्या. मी इकडंतिकडं बघायला लागले. आता हिला रडत ठेवायचं का, आत जाऊन विचारायचं का, कुणाला विचारायचं. आप्पांनी खांद्यावरची शाल काढली, माझ्यासमोर पाठ करून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी ती पसरून धरली.

मी तिला डावीकडं घेतलं.

थोड्या वेळानं शालीच्या पलीकडून एका माणसाचा आवाज आला. आमच्याकडचाच कुणीतरी होता. "डॉक्टर, तुम्ही इथं कुठं? बरं झालं भेटलात. माझ्या म्हशीचं जरा बघायचं होतं, वैरण खात नाही ती."

"बघू की," आप्पा म्हणाले. "उद्या येतो. आत्ता लेक पाजतीय माझी, हात गुंतलेत."

तो माणूस निघून गेला असावा. शालीतून आप्पांच्या हातांची सावली दिसत होती, खाली न येणारी. बाळ पीत होतं. मी पहिल्यांदाच तिच्या नाकापाशी बोट न नेता तिच्याकडं नुसतं बघत राहिले.